बाहुलीचं झबलं

आधीच सांगते, मला असल्या गोष्टींची चीड आहे. या सदरातले हायवेवर लिफ्ट मागणाऱ्या बायकांचे किस्से मी ऑफिसात डबा खाताना मोठ्याने वाचते आणि सगळ्यांना हसवते. मी मायक्रोबायोलॉजी केलंय, औषधांच्या लॅबमध्ये काम करते. आणि आज मीच इथे लिहायला बसलेय… हसा.

माझं सासर डोंबिवलीत मानपाड्याला, माहेर ठाण्यात खोपटला. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले होते. माझा नवरा निलेश, रील्स बघून शहाणा झालेला, त्याने मला न विचारताच बाळकुमच्या एका कॉम्प्लेक्समधल्या स्तनपानाच्या क्लासला माझं नाव घातलं.

काय तो क्लास! क्लबहाऊसमध्ये गाद्या, भिंतीवर हसऱ्या आयांची पोस्टर्स, कोपऱ्यात लॅव्हेंडरचा वास सोडणारं यंत्र. मॅडम आम्हा सगळ्यांना 'मम्मा' म्हणायच्या. कपाटातून प्रत्येकीला एक बाहुली मिळायची, आत वाळू भरून खऱ्या बाळाइतकी जड केलेली. ती छातीशी धरायची आणि तिच्याशी गप्पा मारायच्या. कुणी सीए, कुणी वकील, आणि सगळ्या बाहुलीला "माझं शोनं ते" करत बसलेल्या!

"मम्मा, तुमचं बाळ घसरतंय," मॅडम मला म्हणाल्या.

"बाळ पोटात आहे मॅडम. ही बाहुली आहे."

कुणी हसलं नाही. माझ्या वाटणीच्या बाहुलीला जुनं, पिवळं, मऊ झबलं होतं आणि डोळे सताड उघडे. क्लासमधले ते डोळेच तेवढे माझ्या लक्षात राहिले.

घरी वेगळंच नाटक. बाळाला पहिलं झबलं नवं घालायचं नाही, कुणाच्या तरी धडधाकट लेकराचं वापरलेलं मागून आणायचं. हे बऱ्याच घरांत करतात. ते पाचवी पुजेपर्यंत अंगावरून उतरवायचं नाही, ही मात्र माझ्या आईची स्वतःची भर. झबलं आणायचं काम तिने जावयावर सोपवलं. मी म्हटलं, घाला काय गोंधळ घालायचा तो.

मुलगी झाली. जन्मताच तिने असा टाहो फोडला की बाहेर निलेशला ऐकू गेला. हे मुद्दाम लिहितेय. मग आईने तिला निलेशने आणलेलं झबलं घातलं… आणि पोरगी गप्प झाली.

गप्प म्हणजे अगदी गप्प. डोळे उघडे, नजर पंख्यावर. छातीशी धरलं तर ओठ मिटलेले. चमच्याने दूध घातलं तर ते कडेने गळून जायचं. नर्सने तळपायाला टिचक्या मारल्या तरी हूं नाही की चूं नाही. डॉक्टर आधी म्हणाले, शांत बाळ आहे. मग तपासण्या केल्या, तर सगळं नॉर्मल! डॉक्टर आले की आई झबल्याचे नुसते बंद सोडायची, बाह्या काढू द्यायची नाही. भांडायला माझ्या अंगात जोर नव्हता. दुसऱ्या दिवशी वजन उतरलं, शुगर खाली यायला लागली. "संध्याकाळपर्यंत प्यायली नाही तर एनआयसीयूत हलवू," डॉक्टर म्हणाले. माझी छाती दगडासारखी भरलेली आणि मांडीवर उपाशी पोर, जिला आपण उपाशी आहोत हेच कळत नव्हतं. हे वजन आपण आधी कुठेतरी धरलंय असं सारखं वाटत होतं. मी भयंकर घाबरले होते.

दुपारी आई माझ्यासाठी डबा उघडत होती, तेवढ्यात निलेशचा फोन वाजला.

"हो मॅडम… धुऊन देतो ना. एवढं काय अर्जंट आहे बाहुलीचं झबलं?"

आईचा हात थांबला. "बाहुलीचं?"

"अहो आई, ओळखीत कोणाकडे छोटं बाळच नाही. क्लासच्या मॅडम बोलल्या हे घेऊन जा, स्वच्छ आहे. मऊ पण होतं."

आई जावयाशी कधी मान वर करून बोललेली नाही. "निलेशराव, ज्याने जन्मात घोट घेतला नाही, त्याचं झबलं घातलंत माझ्या नातीला?"

तिने ते पिवळं झबलं ओढूनच काढलं. एक बाही फाटली. क्षणभर काहीच झालं नाही. मी या दोघांच्या अकलेवर काहीतरी बोलणारच होते, तर पोरीची हनुवटी थरथरली आणि तोच, जन्मताना ऐकलेला टाहो! छातीशी धरली तशी तुटून पडली. निलेश भिंतीकडे तोंड करून रडला.

साबणाचा वास असेल, बाही काचत असेल, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. काही बाळं वेळ घेतात, असं डॉक्टरही म्हणाले. मिटला असता विषय. पण संध्याकाळी मी मॅडमना झापायला फोन केला. बाहुलीचे कपडे बाळाला देतात का?

त्या मला मम्मा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची मुलगी रडते का हो?"

"का?"

"कालपासून आमच्या बंद कपाटातून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. आधी वाटलं, कोणाचा तरी मोबाईल राहिला. सगळं बाहेर काढलं. जिचं झबलं दिलं ती उघडी बाहुली दुसऱ्या खोलीत नेली, तर आवाज तिकडे गेला. बाळंत झालेल्या मुली आज सकाळी क्लासला आलेल्या… सगळ्यांना पान्हा फुटला हो. ब्लाउज भिजले, घरी निघून गेल्या. म्हणून मी झबलं मागितलं. वाटलं, थंडी वाजत असेल तिला."

"आणि आता?"

"थांबलं. दुपारी आम्ही डबे उघडले आणि एकदम थांबलं."

बाळंतिणीला कुणाच्याही बाळाच्या रडण्याने पान्हा फुटतो, त्यात चमत्कार नाही. मॅडमच्या आणि निलेशच्या डोक्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. मुलगी आता छान बाळसेदार झालीय, भूक लागली की बिल्डिंग डोक्यावर घेते. आई ओरडते, "अगं, घे की तिला!" पण मी लगेच उचलत नाही. आधी जवळ जाऊन वाकून बघते… आवाज तिच्याच तोंडातून येतोय ना, एवढंच.