मेश्रामभाऊंचा टेबलक्लॉथ

आमच्या भरतकामाच्या ग्रुपमध्ये काम कमी आणि किस्से जास्त होतात. दर बुधवारी दुपारी आम्ही धरमपेठेत नलूताईंच्या हॉलमध्ये बसतो. घरी आले की लेक विचारते, "आज किती पाकळ्या झाल्या?" मी सांगते ते भलतंच असतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा सगळ्यात चांगला रुमाल नेला होता. नलूताईंनी तो घेतला आणि आधी उलटा केला.

"समोरची बाजू पाहुण्यांसाठी. मले मागची दाखव."

मागं दोऱ्यांचं जंगल होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "उसव." माझं अर्धं शिक्षण उसवण्यातच झालं.

*

एका बुधवारी बेल वाजली. आमच्यातल्या शोभाने दार उघडलं. तिला वाटलं, गॅसवाला. दारात साठीचे एक गृहस्थ, हातात पिशवी. हे मेश्रामभाऊ. हिंगण्याच्या कारखान्यात पार्ट तपासायचं काम करून नुकतेच रिटायर झालेले.

"मिसेसनं टेबलक्लॉथ अर्धाच सोडला. म्हणते, कंटाळा आला. मले अर्धं काम दिसलं की जेवण गोड लागत नाही. करून द्याल का?"

नलूताई म्हणाल्या, "आम्ही करून देत नाही भाऊ. शिकवतो."

"मग शिकवा."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. शेवटी नलूताईंनी ठरवलं, टेबलक्लॉथ पूर्ण होईपर्यंत भाऊंनी यावं. पुढे नाही, कारण ग्रुप बायकांचा. भाऊंनी मान हलवली आणि सतरंजीवर बसले.

*

सुरुवातीला कोणी बोलेना. एक माणूस बसलेला, सासूच्या गोष्टी कशा काढायच्या? एकदा शोभा विसरली आणि सुरू झाली. सासूने सगळ्यांसमोर हिची भाजी खारट म्हटली, पण मीठ हिने टाकलंच नव्हतं. एवढं बोलून तिला आठवलं आणि ती गप्प झाली.

भाऊंनी सुईवरची नजर न काढता विचारलं, "मग मीठ कोणी टाकलं ताई?"

त्या दिवसापासून आमचा ग्रुप पहिल्यासारखा बोलायला लागला.

*

भाऊंच्या खिशात स्टीलची पट्टी असायची. एकदा त्यांनी शोभाने भरलेली पानं मोजली.

"ताई, हे पान दोन मिलिमीटर मोठं होऊन राहिलं."

"काहून भाऊ, झाडाची पानं मोजली का कधी?"

पुढच्या बुधवारी ते आले आणि बसायच्या आधी म्हणाले, "मोजली. तुमचं बरोबर आहे."

*

एकदा चहा आला म्हणून भाऊ उठले, तर टेबलक्लॉथही उठला. मांडीवर ठेवून भरता भरता त्यांनी तो पँटला शिवून टाकला होता. शोभा हसून लोळली.

नलूताई म्हणाल्या, "उसवा."

भाऊंनी अगदी मनापासून विचारलं, "पँटकडून की टेबलक्लॉथकडून?"

*

मग काम संपत आलं. भाऊंचा हात बसला होता, पण आता एका पानाला तीन-तीन बुधवार लागायला लागले. दोरा निवडण्यातच दुपार जायची. शोभाने नलूताईंना बाजूला घेतलं.

"राहू द्या ना त्यांना."

"ठरलं ते ठरलं."

शेवटचं पान झालं त्या दिवशी भाऊंनी सगळ्यांसाठी समोसे आणले होते. चष्मा डबीत ठेवून त्यांनी टेबलक्लॉथ नलूताईंच्या हातात दिला. ताईंनी तो उलटा केला. बराच वेळ पाहिला. एक दोरा लोंबत नव्हता. कोणी समोशाला हात लावला नाही.

ताईंचं बोट सरकत दुसऱ्या अर्ध्या भागावर गेलं.

"ही फुलं कोणाची?"

"मिसेसची."

"मागं गाठीच गाठी आहेत. उसवा."

"सगळी?"

"सगळी. आणि परत भरा."

भाऊंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी घरी फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावतात.

"अवं, ताई तुझी सगळी फुलं उसवा म्हणून राहिल्या."

पलीकडून वहिनींचा आवाज आला.

"मग ताईले म्हणा, ह्यांची पानं पण उसवायले लावा. बुधवारची दुपार मले लय मस्त जाऊन राहिली."