समोरासमोरचे पलंग

नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमध्ये माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा शेजारच्या पलंगावर डोमिनिकन संस्थेतल्या एक सिस्टर, म्हणजे नन, होत्या. ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या गोव्याच्या. संध्याकाळी त्या प्रार्थनेची एक ओळ म्हणत आणि मग तेवढाच वेळ गप्प राहत. औषधांच्या गुंगीत मला ती शांतता संथ पाण्यासारखी वाटे. माझा पलंग तिच्यावर हलके तरंगत असे.

"मधल्या ओळी विसरता का?" मी विचारलं.

"विसरीन कशी, बाय? त्या माझ्या नव्हेत. बुकित तिमाहला आमच्या घरी दुसरी सिस्टर आहे, तिच्या त्या. समोरासमोर बसून म्हणतो आम्ही."

घरात त्या दोघीच उरल्या होत्या. दुसरीची आठवण जात चालली होती. संस्थेच्या प्रमुख शुक्रवारी येणार होत्या. घर बंद करायचं, दुसरीला म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये आणि यांना संस्थेच्या मोठ्या घरी हलवायचं, असा विचार होता.

"तुम्ही काय सांगणार?"

"पेपरातून रिटायर झालीस तरी बातमी हवीच? शुक्रवारपर्यंत थांब."

मग त्यांनी पोर्तुगालची गोष्ट सांगितली. मी ती पडताळलेली नाही. ऐकली तशी लिहिते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सरकारने पुरुषांचे मठ बंद केले. नन्सना राहू दिलं, पण नवी मुलगी घ्यायला बंदी. शेवटची वारली की इमारत सरकारजमा.

"एका मठात एकटी म्हातारी उरली. एका बाजूची ओळ म्हणायची, उठून पलीकडे जायची, तिकडची म्हणायची."

मी डोळे मिटले. रिकाम्या दालनात एक पांढरा झगा इकडून तिकडे जात होता. खिडकीतलं ऊन हलत नव्हतं. ती पलीकडे पोचली की नाही, ते मला कळेना.

"ती गेल्यावर?" बऱ्याच वेळाने मी विचारलं.

"कुलूप लागलं. पण स्वयंपाकघरात मुली होत्या, साध्या कपड्यांतल्या. सरकारच्या लेखी मोलकरणी. त्यांनी खोली भाड्याने घेतली आणि दोन ओळींत बसल्या. आमचं घराणं त्यांचं."

शुक्रवारी प्रमुख संत्री घेऊन आल्या. दोघी इंग्रजीत बोलत होत्या. माझ्या आणि त्यांच्या मधे फक्त अर्धा ओढलेला पडदा होता.

"घर घ्या," सिस्टर म्हणाल्या. "त्या मुलींनाही सोडावंच लागलं. पण आम्हाला एका खोलीत ठेवा. पलंग समोरासमोर."

"तिला आता ओळी येत नाहीत, सिस्टर."

"माझी संपली की मान हलवते. तेवढं पुरे."

प्रमुख संत्रं सोलत राहिल्या.

"खिडकीजवळ कोण?"

"ती. मी घोरते, तिला निदान बाहेर बघता येईल."

प्रमुखांनी हात पुसले आणि नर्सिंग होमला फोन लावून दोन पलंगांची खोली आहे का, ते विचारलं.