आखाजीआधीचे केर

आमच्या शेजारच्या मारवाडी काकींचं घराणं राजस्थानातून धुळ्याला आलं त्याला तीन पिढ्या झाल्या. काकी देवाशी मारवाडीत बोलतात आणि माझ्याशी अहिराणीत भांडतात. मला त्या फार आवडतात, पण हट्टीपणात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

लळिंगच्या बाजूच्या माळावर केरची झुडपं आहेत. आपण त्याला नेपती म्हणतो. पानं नाहीत, नुसत्या काटेरी काड्या. उन्हाळ्यात लाल फुलं येतात, मागून हिरवी गोल फळं, आणि मिठाच्या पाण्यात मुरवून त्यांचं लोणचं घालतात. काकींचा नियम असा, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चाळीसगावची लेक माहेरी आली की मायलेकींनी मिळून केर तोडायचे, त्याआधी झुडपाला हात लावायचा नाही. लेकीचं सासर भरलेलं, तिला वर्षातून तेवढीच सवड. आमच्याकडेही आखाजीआधी कोणी आंबा खात नाही, त्यामुळे मी त्यांना हसण्याच्या भानगडीत पडले नाही.

पण ऊन काही पंचांग बघत नाही. हल्ली फाल्गुनातच माळ भाजून निघतो आणि केरही आधीच फुलून मोकळा होतो. गेली दोन वर्षं आखाजीला फळं लाल होऊन फुटलेली मिळाली. मायलेकी रिकाम्या पिशव्या घेऊन परत आल्या, आणि काकींनी सगळा राग पाखरांवर काढला.

यंदा चैत्रातच मी त्यांना ओढून माळावर नेलं. त्यांनी वाकून एकेक काडी न्याहाळली.

"बठ्ठा केर तयार शे," त्या म्हणाल्या. "आखाजीलोंग पिकी जाई." आखाजीपर्यंत थांबलं तर सगळाच पिकून जाणार होता.

त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला. मुलांच्या परीक्षा चालू होत्या, तिचं येणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, आपण दोघी तोडू. तोडलेही. पण घरी आल्यावर काकींनी बरणी काही काढली नाही. निदान देठं खुडायला तरी लेक हवी, म्हणाल्या, आणि उद्याच्या गाडीने चाळीसगावला जायचं ठरवून टाकलं. मी चाटच पडले. त्यांच्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. लग्न झाल्यापासून त्या तिच्या दारात कधी गेल्या नव्हत्या. सोबत केरची पिशवी, दशम्यांचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन निघाल्या.

संध्याकाळी परतल्या त्या थेट माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. दिवसभर दोघींनी देठं खुडली होती. दुपारीच बाटल्यांतलं पाणी संपलं. लेकीने माठातून तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला आणि खाली मान घालून पुन्हा कामाला लागली.

मग तुम्ही काय केलं, मी विचारलं.

"पानी पिधं मी," काकी म्हणाल्या. "पोर रडाले लागनी."