अंतरपाट सरकला तेव्हा

आमच्या घराण्यात मंगलाष्टके सुरू झाली की नवरीची आई मांडवात थांबत नाही. ती घरात जाऊन दाराआड बसते. अंतरपाट सरकतानाचा लेकीचा चेहरा तिला पुढे दिसला तर छायाचित्रातच. हे ठाऊक असूनही थोरल्या मुलीच्या लग्नात मी छायाचित्रकार बोलावला नाही.

"भाऊजी, फोटोवाला नाही सांगितला काऊन?" मेहुण्याने विचारले होते.

"कायले पाहिजे? ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल हाये. अन् मी आहो ना."

"तुमी? तुमच्या फोटोत तं माणसाचं डोस्कंच नाही येत!"

मी ते हसण्यावारी नेले.

अंतरपाट सरकला आणि सगळ्यांचेच हात एकदम वर गेले. पाहुण्यांनी नंतर पाठवलेल्या छायाचित्रांत मोबाइल धरलेले हात होते, उडत्या अक्षता होत्या. माझ्या छायाचित्रात कुणाचा तरी फेटा होता. मुलीचा चेहरा कशातच नव्हता. पत्नीने चष्मा पुसून ती सारी पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली, आणि मोबाइल माझ्या हाती देत म्हणाली, "फेटा चांगला हाये."

त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर मला सोपे गेले असते.

यंदा उन्हाळी धानाची कापणी आटोपल्यावर धाकटीचे लग्न झाले. या वेळी गोंदियाहून छायाचित्रकार बोलावला. आदल्या दिवशीच येऊन त्याने अंगणात ऊन कुठून येते ते पाहिले आणि मला विचारले, "मंगलाष्टक के टाइम घर का कौन मंडप में नहीं रहता?"

इतका साधा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. मी पत्नीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी अंतरपाटापाशी उभा राहून तो मोठ्याने म्हणाला, "भाईसाब, मोबाइल नीचे! दुल्हन की माँ को देखना है." सर्वांत आधी मी माझा मोबाइल खिशात टाकला.

अल्बम आला. ओठ दाताखाली धरून हसू आवरणाऱ्या धाकटीच्या चेहऱ्यावरून पत्नीने हलकेच बोट फिरवले.

"मोठीही अशीच हासली असंल ना? तुमी तं समोरच होते."

हो म्हणणे सोपे होते.

"मी मोबाइलात पाहून राहिलो होतो," मी म्हणालो.

मग तिने अल्बम थोडा माझ्याकडे सरकवला.

"मंग हे तरी नीट पाहा."