दुसरी खोली

झाझिराचा कुणावरच भरवसा नव्हता. छावणीच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच, त्यामुळे पातेल्यातले मांसाचे तुकडे मोजल्याशिवाय ती तिथून हलत नसे. बायका तिला पाठीमागे ‘पहारेकरीण’ म्हणत. नवरा एर्केबुलान सार्जंट होता खरा, पण घरातला पहारा हीच द्यायची.

पाच वर्षं ती, नवरा आणि धाकटी आयगानिम एका खोलीत दाटीवाटीने राहत होती. संसारी शिपायांसाठी घरं थोडी आणि रांग मात्र लांब. पदरी दोन मुलं असली तरच दोन खोल्या मिळत. झाझिराला दोन होती. थोरला सान्झार गावी सासूसासऱ्यांकडे होता. पहिलं नातवंड आजीआजोबांनी आपलं मूल म्हणून वाढवायचं ही त्यांच्याकडची रीतच; त्यात सुनेला कुणी विचारत नाही. पण आता तो सात वर्षांचा झाला होता. दुसरी खोली मिळाली की शाळेसाठी त्याला इकडे आणायचं, एवढ्या एका आशेवर ती दिवस काढत होती.

मे महिन्यात यादी लागली. दोन खोल्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. तिच्यामागून आलेल्या बालकियाचं होतं. बालकियाला कचेरीत तळलेल्या खाऊचं ताट नेताना तिने दोनदा पाहिलं होतं.

“तळून तळून बरीच माणसं खूश केलीस गं,” ती स्वयंपाकघरात म्हणाली.

बालकियाचे कणकेतले हात थांबले नाहीत. “मला तीन पोरं आहेत, बाई. तुला किती?”

“दोन.”

“कागदावर किती, ते बघून ये आधी.”

यातही काहीतरी डाव असणार, असं धरूनच झाझिरा कचेरीत गेली. म्हाताऱ्या कारकुनाने फाईल उघडली. “तुमच्या नावावर एकच मुलगी आहे.”

“खाडाखोड कुणी केली?”

त्याने दत्तकपत्र पुढे सरकवलं. सान्झार सासऱ्यांच्या नावावर होता. खाली नवऱ्याची सही, शेजारी झाझिराची. तिने ती उजेडात धरून पाहिली. सही तिचीच होती, बाळ चाळीस दिवसांचं झालं त्या समारंभात केलेली. त्या दिवशी पाहुण्यांदेखत सासऱ्यांनी कागद पुढे केला होता. वडीलधाऱ्यांचा कागद वाचत बसणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं, म्हणून नव्या सुनेने न वाचताच सही केली होती.

“सासरे मुलगा परत तुमच्या नावावर लिहून देत असतील तर बघा,” कारकून म्हणाला. “महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.”

अंगणात येऊन तिने गावी फोन लावला. काय बोलायचं, कसं गयावया करायचं, सगळं मनाशी ठरवलं होतं. फोन सान्झारने उचलला.

“राजा, आजीला दे रे जरा.”

“कुठली आजी?” त्याने विचारलं. मग आवाज ओळखीचा वाटला असावा. तो आत वळून म्हणाला, “आई, वहिनीचा फोन आहे.”