घटपर्णीसाठी एक खिडकी

वनस्पतिशास्त्र विभागात चार डॉक्टरेटवाले होते, आणि घटपर्णीला ऊन किती लागतं हे विचारायचं झालं की पोरी जायच्या लॅबवाल्या मावशीकडे. मावशी दहावी नापास. पंचवीस वर्षं तिने परीक्षानळ्या धुतल्या, भिंगं पुसली आणि सरलोकांची व्याख्यानं दारात उभं राहून ऐकली. ऐकून ऐकून तिचं मत पक्कं झालं होतं: या लोकांना झाड फळ्यावर दिसतं, कुंडीत दिसत नाही.

घटपर्णी म्हणजे किडे खाणारी वेल. पानाच्या टोकाला झाकणवाली सुरई लोंबते, आत रस, कडेवर माशी बसली की घसरलीच. सात वर्षांपूर्वी विभागप्रमुखांनी रोपवाटिकेतून एक वेल मोठ्या थाटात आणली, स्वतःच्या टेबलावर ठेवली, तिच्यात उरलेला चहा ओतला आणि महिन्याभरात तिला मारली. मावशीने कचऱ्याच्या डब्यातून वीतभर हिरवा शेंडा उचलला. त्याचे तीन तुकडे करून ओल्या शेवाळात खोचले. दोन जगले. त्या दोनांच्या आता नऊ कुंड्या झाल्या होत्या.

जागा मात्र सहजासहजी सापडली नाही. आधी तिने कुंड्या लॅबबाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवल्या. पानं हातभर वाढली, काळपट, सुस्त, आणि सुरई एकही नाही. मग गच्चीवर नेल्या, तर तिसऱ्या दिवशी पानांवर भाजल्याचे डाग. मग मावशीने इमारतीतली एकेक खिडकी तपासली. खिडकीत तळवा धरायचा आणि खालची सावली बघायची. बोटं सुरीने कापल्यासारखी उमटली तर ऊन कडक. सावली पडलीच नाही तर उजेड कमी. बोटं मोजता येतात पण कडा विरघळल्यात, ती जागा घटपर्णीची. अशी जागा एकच निघाली, दुसऱ्या मजल्यावरचं मुलींचं स्वच्छतागृह. पूर्वेची खिडकी, दुधी काच, सकाळचं कोवळं ऊन आणि दिवसभर वाहत्या नळांचा ओलावा. त्यात तिथे एकाही सराला पाय टाकता येत नव्हता. हा गुण मावशीने सगळ्यांत वर धरला होता.

वर्षभरात सुरया धरल्या. लालसर, बोटभर, मग हातात मावणार नाहीत एवढ्या.

मग तपासणी समितीची तारीख आली, आणि विभागप्रमुखांना अचानक घटपर्णी आठवली. मुली त्यांना मागे 'पाटीवाले सर' म्हणत. कपाट असो की पंखा, त्यावर सौजन्य म्हणून त्यांचं नाव. त्यांनी पोर्चमध्ये काचेचं कपाट करून घेतलं. आत दिवे, वर पितळी पाटी, आणि तोंड थेट पश्चिमेला.

"मावशी, झाडं खाली आणा. समितीला काय संडासात नेऊ?"

"मग नका नेऊ. झाडांची काही तक्रार नाही."

"अहो, कपाटाला सगळं आहे. काच आहे, दिवे आहेत."

"दुपारी तीनला आत हात घालून बघितलात?"

"मावशी, मी पीएचडी आहे."

"ते माहीत आहे, सर. मी हाताचं विचारलं."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मावशी तेवढ्यावर थांबली नाही. "लेखी द्या. मी नको म्हणत असताना पश्चिमेच्या काचेत ठेवायला सांगितलं, एवढं लिहा आणि खाली सही करा." पण पितळेवर नाव कोरून घेणारा हा माणूस, कागदावर सही करायची वेळ आली की त्याचं पेन हरवायचं.

दुसऱ्या दिवशी मावशी दात काढायला गेली होती. अर्ध्या दिवसाची रजा, तेवढ्यात सरांनी डाव साधला. ती परत आली तर जिन्यातच सफाईवाली अक्का रडवेली उभी.

"मलाच खाली न्यायला लावल्या गं. म्हणाले, तुझी नोकरी कंत्राटी आहे, आठवतंय ना?"

"तुला कोण बोलतंय, अक्का? चल."

तीन वाजले होते. मावशीने लॅबमधला तापमापक कपाटात धरला. सत्तेचाळीस. सुरयांची झाकणं सुकलेल्या सालीसारखी वळली होती, दोन वेलींची पानं उकडल्यासारखी लोळत होती. त्यावर कडी म्हणजे प्रत्येक कुंडीत मूठभर दाणेदार खत. जी वेल पोटाला लागेल तेवढं माशीतून घेते, तिच्या मुळाशी खत म्हणजे विष. पहिल्या वर्षाच्या पोरीला हे पाठ असतं. पाटीवाल्या सरांनीच ते शिकवलेलं असतं.

सर मागे येऊन उभे राहिले. "परवापर्यंत टिकतील ना? तेवढं झालं की बस्स. मग मेली तरी चालतील."

या माणसाला उत्तर देणं म्हणजे सुजलेलं तोंड वाया घालवणं. मावशीने पहिली कुंडी उचलली आणि जिन्याकडे निघाली. अक्काने दुसरी घेतली, कंत्राट असो की नसो. तास सुटलेल्या मुलींनी उरलेल्या उचलल्या. सर मागोमाग आले, दुसऱ्या मजल्यापर्यंत, पॅसेज संपेपर्यंत, आणि स्वच्छतागृहाच्या दाराशी त्यांची पदवी संपली.

"मावशी, बाहेर या."

"तिथूनच बोला, सर. ऐकू येतंय."

आत मुली खिदळत होत्या आणि मावशी लॅबच्या डिस्टिल्ड पाण्याने खत धुऊन काढत होती.

समितीने रिकामं कपाट पाहिलं, पाटी वाचली, इथे काय आहे म्हणून विचारलं. "पुनर्रचना चालू आहे," सर म्हणाले. असली उत्तरं त्यांना झटकन सुचतात.

दोन वेली गेल्या. सात उरल्या, सुरया झडलेल्या, पण शेंडे हिरवे. महिनाअखेरीला दोन कागद आले. मावशीची बदली तळघरातल्या भांडारात, आणि स्वच्छतागृहात कुंड्या ठेवायला मनाई. आता मात्र सही होती, ठसठशीत. आठ दिवसांत सात कुंड्यांची सोय लावायची होती. मावशीचं स्वतःचं घर दोन इमारतींच्या फटीत, तिथे तळव्याची सावली कधी पडलीच नव्हती.

मुली मागायला आल्या.

"खिडकी कुठल्या दिशेला?"

"तसं नाही माहीत, मावशी."

"तिसऱ्या वर्षाला आहेस ना? घरात सकाळी ऊन कुठून येतं तेही माहीत नाही? जा. उद्या नऊ वाजता खिडकीत हात धर, सावलीचा फोटो काढून आण."

फोनवर हातांचे फोटो आले. जेवणाच्या सुट्टीत मावशी एकेक बोट निरखत बसली. चौघी पास झाल्या, एकीला दोन कुंड्या. बाकीच्यांना तिने वाटेला लावलं. त्यात एका प्राध्यापकाची मुलगीही होती, तिच्या खिडकीत एसी बसवलेला.

दोन कुंड्या उरल्या. अक्का म्हणाली, "माझ्याकडे कसली खिडकी? धुण्याच्या नळावर एवढीशी फट आहे. तिला जुनी चादर लावलीय."

रविवारी सकाळी मावशी तिच्या खोलीवर गेली, चपला काढल्या आणि आधी नळापाशी जाऊन तळवा धरला. ओल्या फरशीवर पाच बोटं उमटली, कडा विरघळलेल्या.

"दोन्ही तुझ्या."

"मेल्या तर गं?"

"मेल्या तर मला सांग, ओरडणार नाही. पाणी पावसाचं धरून ठेवायचं, नळाचं नको."

"झुरळं आहेत घरात. टाकू का आत?"

"काही टाकायचं नाही. ती तिचं बघते. तू चादर तेवढी हलवू नकोस."