बँकॉकचे फोटो कोणी काढले

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी विमानतळावरच्या व्हीलचेअरचा जो उपयोग शोधून काढला आहे, तो ती बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल. आई-वडील धडधाकट असतात. रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारतात, चौथ्या मजल्यावरून खाली येऊन भाजीवाल्याशी भांडून पुन्हा वर जातात. पण तिकीट काढताना मुलगा सांगून टाकतो, यांना चालता येत नाही. खुर्ची आली की ती ढकलणारं माणूस येतं, आणि ते बरोबर गेटवर नेऊन सोडतं. बोर्ड वाचायला नकोत, इंग्रजी बोलायला नको. शिवाय खुर्चीच्या मागून सगळं कुटुंब इमिग्रेशनच्या रांगेत पुढे सरकतं. फीनिक्सजवळच्या चँडलरमधल्या आमच्या ओळखीच्या घरांत आलेले यच्चयावत आई-वडील असे कागदावर पांगळे होऊनच आलेले होते.

आमचे बाबाही तसेच आले. आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्या डिसेंबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, नागपूरला गेलो आणि जानेवारीत परतताना बाबांना सहा महिन्यांसाठी बरोबर घेतलं. वाटेत बँकॉकला तीन दिवस थांबायचं ठरवलं, त्याचं कारण आई होती. आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघरात विहारातून मिळालेलं एक कॅलेंडर वर्षानुवर्षं लटकत होतं. तारखा कधीच्या संपल्या, पण त्यावर बँकॉकचा तो आडवा पहुडलेला सोन्याचा बुद्ध होता म्हणून ते उतरलं नाही. पोळ्या लाटता लाटता आई विचारायची, "खरंच एवढे मोठे असतील का हो पाय?" आणि बाबा म्हणायचे, "जाऊन पाहू ना एकदा." गुडघे दुखायला लागले तेव्हा तिनं विचारणं सोडलं. बाबांनी म्हणणं सोडलं नव्हतं.

बँकॉकच्या विमानतळावर खुर्ची समोर आली तेव्हा बाबा माझ्यावर भडकले.

"मले का झालं बे? चांगल्या माणसाले लंगडा करून राहिला?"

"बाबा, नुसतं बसायचं आहे."

"तू बस."

ते बसले नाहीत. खांद्यावरची आईची तपकिरी शाल काढून त्यांनी खुर्चीत ठेवली आणि खुर्चीच्या हातावर हात ठेवून शेजारून चालू लागले. ढकलणारा मुलगा शाल ढकलत होता, बाबा बाजूने हळूहळू चालत होते, मधेच खाली वाकून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, मला शिव्या देतायत. आम्ही मागून हसत होतो. मी फोटोही काढला.

पुढचे सहा महिने बरे गेले असंच मी कोणालाही सांगितलं असतं. बाबा सकाळी लवकर फिरून यायचे, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचे, माझ्या घरातला प्रत्येक सैल स्क्रू त्यांनी घट्ट केला. आयुष्य टेलिफोन खात्यात लाइनचे फॉल्ट शोधण्यात गेलेलं. मला त्यांच्यात कधी फॉल्ट शोधावा लागेल असं वाटलं नव्हतं.

जूनमध्ये त्यांचा परतीचा शुक्रवार आला. एकटेच जाणार होते, पुन्हा बँकॉकवरूनच. सकाळी उतरायचं, रात्री पुढचं विमान. मधला आख्खा दिवस त्यांनी मागून घेतला होता, कारण तिथलं मोठं सरकारी म्युझियम आम्ही गेलो त्या दिवशी नेमकं बंद होतं. मीच तिघांना उन्हात त्याच्या दारापर्यंत चालवत नेलं होतं आणि बंद फाटकासमोर उभं राहून बायकोचं तोंड पाहिलं होतं. म्युझियमला सुट्टी असते ही गोष्ट माझ्या कार्यक्रमात बसत नव्हती. बाबा म्हणाले होते, "राहू दे. परतताना पाहू."

त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी दुपारी माझा ऑफिसातला पुण्याचा मित्र आणि त्याची बायको आले. त्यालाही आपल्या आई-वडिलांना बँकॉकवरून आणायचं होतं, त्यामुळे आमचे फोटो बघायचे होते. चँडलरची जूनची दुपार म्हणजे खिडक्यांचे पडदे गच्च ओढलेले, एसीची न थांबणारी घरघर, बाहेर पांढराफटक रस्ता आणि त्यावर एक माणूस नाही. मी कॅमेरा टीव्हीला जोडला. बायकोनं कोथिंबिरीची सांबारवडी तळली होती. बाबा मधल्या खुर्चीत बसले, आपसूक गाइड झाले.

पहिला फोटो राजवाड्याचा. तिथे उघड्या गुडघ्यांनी आत सोडत नाहीत हे मला सोडून सगळ्या जगाला माहीत होतं. फाटकावर त्यांनी मला एक ढगळ पायजमा घालायला दिला, आणि माझं पोट त्या नाडीवरून असं बाहेर आलं होतं की फोटोत राजवाडा मागे पडला होता.

"यार, हाफ पँटवर गेलास?" मित्र म्हणाला.

"हे आमचे राजे," बायको म्हणाली.

"काका, आमच्या आई-बाबांना झेपेल का हे?"

"झेपते ना," बाबा म्हणाले. "सकाळी लवकर निघायचं. टॅक्सी नाही करायची, नदीतली बोट करायची. राजवाड्याच्या धक्क्यावर उतरायचं. दुपारच्याले पलीकडच्या तीरावर राजाच्या होड्यांचं म्युझियम पाहायचं. लाकडाच्या लांबच लांब नावा, पुढं गरुड आणि नाग कोरलेले. सावलीत आहे, म्हाताऱ्यांचे पाय नाही भाजत."

सगळं बरोबर होतं. मला त्यातला धक्का कुठला आणि तीर कुठला हेही आठवत नव्हतं.

मग पहुडलेला बुद्ध आला. त्याच्या तळपायांवर शिंपल्याची नक्षी आहे, आणि ते पाय इतके मोठे की त्यांच्यासमोर आम्ही चौघं एका रांगेत उभे राहून माणसांऐवजी चपला ठेवल्यासारखे दिसत होतो.

"चौघंही आलात की," मित्राची बायको म्हणाली. "कोणी काढला?"

मी सांगणारच होतो. लाल टोपी घातलेला एक गोरा प्रवासी होता, त्याच्या हातात मीच कॅमेरा दिला होता, आणि तो घेऊन पळाला तर काय, या काळजीत माझा चेहरा त्या फोटोत आंबट आला होता.

"याच्या आईनं," बाबा म्हणाले.

"मस्त काढलाय काकूंनी," ती म्हणाली. आई गेल्याचं त्या दोघांना माहीत नव्हतं.

"काढते ती. हात स्थिर आहे तिचा."

आईनं आयुष्यात कॅमेरा धरला नव्हता. धरला असता तर आम्हा सगळ्यांची मुंडकी छाटून आली असती. बायको वड्यांची ताटली घेऊन येत होती, ती जिथे होती तिथेच थांबली. माझा अंगठा बटणावर होता. मी पुढचा फोटो लावला. त्यातही आम्ही चौघं होतो. त्याच्या पुढच्यातही. मला तोपर्यंत अभिमान होता की आमच्या सहलीत कोणी एक जण कायम फोटोबाहेर राहिला नाही. आता एकेक फोटो येत होता आणि मला तो बघवत नव्हता. सगळे आत होते, आणि बाहेर कोणीतरी उभं होतं.

"बुद्धाच्या पाठीमागं वाट्या मांडल्या आहेत," बाबा सांगत होते. "ओळीनं. चिल्लर घ्यायची आणि एकेका वाटीत एकेक नाणं सोडत जायचं. हे लोकं भराभर पुढं गेले. ती मागं राहिली. तिच्या नाण्यांचा आवाज येत होता मले. टण, टण. मी म्हटलं, चल लवकर. तर म्हणते, कसली घाई आहे तुम्हाले?"

गालिच्यावर बसलेली मुलगी म्हणाली, "बट आजी वॉज नॉट..."

"पाणी आण गं सगळ्यांना," बायको म्हणाली.

"काकू नाही आल्या मग इकडे?" मित्राच्या बायकोनं विचारलं.

"गुडघे दुखत होते. म्हणाली, तुम्ही या जाऊन."

"परत नागपूरला गेल्या?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी एक वडी उचलली.

"हो हो, नागपूरला," मीच म्हणालो, आणि टीव्ही बंद केला. कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून सांगितलं.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात बायकोनं नळ सोडला, आवाज झाकायला.

"कधीपासून?"

"बोलता बोलता चुकले असतील."

"चुकले नाहीत. त्यांनी तिला बोलताना ऐकलंय." तिनं नळ आणखी मोठा केला. "शुक्रवारी एकटे जाणार आहेत ते."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून लवकर आलो. बाबा आतल्या खोलीत बॅग भरत होते. फॉल्ट शोधायला मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो, लाइन एका टोकाकडून तपासत जायची. मी विचारलं, विमान कुठे बदलायचं? लॉस एंजेलिस. बँकॉकला बॅग घ्यायची का? नाही, ती थेट पुढं जाते. औषध? रक्तदाबाची गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. पासपोर्ट? आतल्या खिशात. म्युझियम कधी बंद असतं?

"सोमवारी आणि मंगळवारी. मी रविवारी पोचून राहिलो. तू आता तरी पाठ करून घे."

एकही उत्तर चुकलं नाही. त्यांना बँकॉक आमच्यापेक्षा नीट आठवत होतं, फक्त त्यात एक माणूस जास्त होतं. मला क्षणभर हायसं वाटलं आणि मी मूर्खासारखा म्हणालो, "एकटे कशाला हिंडता पण? विमानतळावरच आराम करा ना दिवसभर."

"एकटा कुठं? तुझी आई थांबली आहे ना तिथं."

त्यांनी एक शर्ट घडी घातला, बॅगेत ठेवला, हातानं सपाट केला.

"म्युझियमच्या फाटकापाशी सावली होती, आठवते? तिथं. मी तिले म्हटलं, इथून हलू नको, मी येतोच परत. सहा महिने झाले पण. रागावली असेल."

एसी घरघरत होता. मला ते फाटक दिसत होतं, आणि त्यासमोर विमान चुकवून संध्याकाळपर्यंत उभे राहिलेले बाबा. मग अंधार पडल्यावर, भाषा येत नसलेल्या त्या शहरात, कोणाकोणाला विचारत हिंडणारे. तिथे नाही म्हणजे पुढच्या रस्त्यावर असेल. लाइन तुटली तरी फॉल्ट सापडेपर्यंत घरी न येणारा तो माणूस होता.

त्या रात्री बाबा झोपल्यावर बायको म्हणाली, "तिकीट पुढे ढकला." पण त्यांची राहण्याची परवानगी संपत होती, आणि आम्ही चाचपून पाहिलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "मले जाणं भाग आहे." नागपूरला माझी धाकटी बहीण होती, ती डॉक्टरांना दाखवणार होती. नागपूरपर्यंत पोचवायचं कोणी, एवढाच प्रश्न उरला. माझ्या कंपनीत तेव्हा दर शुक्रवारी कोणाला ना कोणाला आत बोलावत होते, आणि ते बाहेर येताना नोकरी गेलेली असायची, हातात आपल्या सामानाचं खोकं असायचं. दोन आठवड्यांची अचानक सुट्टी मागितली तेव्हा मॅनेजर म्हणाला, घे. इतक्या सहज म्हणाला की मला खोकं दिसायला लागलं.

बाबांना मी सांगितलं की मलाही नागपूरला काम निघालंय, बरोबरच जाऊ.

"ये," ते म्हणाले. "पण म्युझियमले तू नको येऊ. तुले बोअर होते."

"बरं."

"आणि ती रागावली असली तर तू मधात बोलू नको."

शुक्रवारी फीनिक्सच्या विमानतळावर खुर्ची आली. तिकिटाबरोबर मीच कधीतरी सांगून ठेवलेली, रद्द करायची राहून गेलेली. ढकलायला एक उंच, दणकट बाई होती. तिनं ब्रेक लावला आणि हसून बाबांना म्हणाली, "बसा, सर."

मला वाटलं आता भडकतील. ते भडकले नाहीत. त्यांनी खांद्यावरची तपकिरी शाल काढली, खुर्चीत पसरली, दोन्ही बाजूंनी आत खोचली, एक टोक चाकात जाऊ नये म्हणून वर घेतलं. मग खुर्चीच्या हातावर हात ठेवला आणि त्या बाईला म्हणाले, "स्लो. प्लीज, स्लो."

बाईनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागे रांग खोळंबली होती. काचेपलीकडे मुलगी हात हलवत होती, बायको हलवत नव्हती. जानेवारीतला तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर आला, शाल ढकलणारा मुलगा आणि वाकून पुटपुटणारे बाबा, आणि मागे कॅमेरा घेऊन हसणारा मी.

मी बाईला मान हलवली. ती निघाली, हळू.

बाबा एका बाजूनं चालत होते, मी दुसऱ्या बाजूनं. माझ्या खांद्यावरची बॅग जड होती, पट्टा मांसात रुतत होता, आणि शेजारी चाकांची खुर्ची मोकळी जात होती. कोणाही शहाण्या माणसानं बॅग त्या खुर्चीत ठेवली असती.

मी ठेवली नाही.